सहलीतही भांडणंच होतात, काय करावं?

‘काशीदला जाताना गाडीत जेवढं बोलत होतो, येताना तेवढंही बोललो नाही.’ कोथरूडच्या एका आईचं हे वाक्य. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी, गुडघे दुखणारी आजी. सुट्टी संपली की हीच तक्रार घेऊन पुण्यातली बरीच घरं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलंच काहीतरी बिघडलंय.

सहल कशी झाली ते मी तपशिलात विचारलं. बाबा रोज सहाला सगळ्यांना उठवायचे, ‘इतके पैसे खर्च करून लोळायला आलोय का?’ म्हणत किनाऱ्यावर न्यायचे. मुलगी तोंड पाडून मागे. आई मध्ये पडून दोघांचं ऐकायची. काशीदजवळच्या फणसाडच्या जंगलात आजींना अर्ध्या वाटेतून परतावं लागलं, त्याचाही राग मुलीवर निघाला.

मुलीशी मी एकटीशी बोलले. तिला समुद्राचा कंटाळा नव्हता. ‘मला कुणी विचारतच नाही,’ एवढंच तिचं म्हणणं. आणि वयात येताना झोपेची वेळ शरीरच पुढे ढकलतं, झोप आणणारं संप्रेरक उशिरा स्रवतं. हा आळस नव्हे, हे मी बाबांना नीट समजावलं.

मग एक काम दिलं: पुढच्या वेळी फिरायची वेळ मुलगी ठरवेल, पण मनाला येईल तशी नाही, भरती-ओहोटी बघून. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पुढच्या सहलीत तिने कॅलेंडर घेऊन चारही दिवसांचं गणित मांडलं आणि जिथे उतरले होते त्या घराच्या मालकीण काकूंकडून पडताळून घेतलं. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर आजींनाही चालता आलं.

मला यात मोलाचं वाटतं ते हे की वेळ बाबांची राहिली नाही. बाबांशी हुज्जत घालता येते, ओहोटीशी कोण घालणार?

जंगलाचं मात्र तिनेच उलटं ठरवलं. फणसाड हे एकेकाळी मुरुडच्या नवाबांचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य. शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, बघायची तर सकाळी लवकर निघायला हवं, म्हणून ती स्वतः उठली. फक्त बाप-लेक गेले. आजी आणि आई घरीच राहिल्या. ‘सगळ्यांनी सगळीकडे एकत्र’ हा हट्ट सोडा, हे मी प्रत्येक घराला कळकळीने सांगते. त्या पायवाटेवर मुलीने बाबांना शाळेतल्या एका मैत्रिणीने टाकलेल्या बहिष्काराबद्दल सांगितलं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर बहुधा गप्प राहिली असती. बाजूने चालताना नजरेचा धाक नसतो.

भांडणं थांबली नाहीत. परतीच्या वाटेवर ताम्हिणी घाटात गाण्यांवरून जुंपलीच. पण घरी आल्यावर बोलणं चालू होतं आणि शाळेतल्या त्या विषयावर आम्ही आता वेगळं काम करतोय.

मूल सहलीपुरतं चिडचिडं असेल तर वेळापत्रक सैल करून बघा. घरीही आठवडेच्या आठवडे जेवण-झोप बिघडलेली असेल, मित्र तुटले असतील, तर सुट्टीची वाट न बघता भेटायला या.