पडद्यावरचं पिस्तूल आणि खरं पिस्तूल : वाचकांचे प्रश्न

हेरपट आला की माझ्याकडच्या पत्रांचा ढीग वाढतो. माझी सगळी नोकरी बंदुका, नळ्या आणि झाडलेल्या गोळ्या तपासण्यात गेली, त्यामुळे लोक विचारतात यात नवल नाही. पण वर्षानुवर्षं प्रश्न तेच आहेत आणि त्यामागचे गैरसमजही तेच. त्यातले काही निव्वळ करमणुकीचे आहेत, काही मात्र जीव घेणारे आहेत. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

सायलेन्सर लावला की पिस्तूल खरंच ‘फुस्स’ एवढाच आवाज करतं का? शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही असं दाखवतात. (पुणे)

नाही. ९ मि.मी.च्या पिस्तुलाचा आवाज नळीजवळ साधारण १६० डेसिबलपर्यंत जातो. चांगला सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो. उरलेला आवाजही शेजारच्या खोलीतला माणूस दचकून उठेल इतका असतो.

गोळी सुटताना तीन आवाज होतात. नळीतून एकदम बाहेर पडणाऱ्या तप्त वायूचा एक. सायलेन्सर त्या वायूला आतल्या कप्प्यांत पसरवून थंड आणि संथ करतो, म्हणजे तो फक्त हाच आवाज दाबतो. दुसरा गोळीचा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याहून वेगाने जाणारी गोळी हवेत स्वतःच कडाका काढते आणि त्यावर नळीच्या टोकाला लावलेल्या कुठल्याही डब्याचा इलाज चालत नाही. तिसरा पिस्तुलाच्या यंत्राचा, स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाऊन पुन्हा आदळण्याचा.

ज्यांना खरोखर आवाज नको होता त्यांनी म्हणूनच हत्यारच वेगळं घडवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी गुप्त कारवायांसाठी ‘वेलरॉड’ नावाचं पिस्तूल बनवलं. गोळी ध्वनीपेक्षा मंद आणि प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस हाताने भरायचं, म्हणजे यंत्राचाही खडखडाट नाही. अमेरिकी यू-२ हेरविमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स १ मे १९६० रोजी सोव्हिएत हद्दीत पाडला गेला, तेव्हा त्याच्याजवळ सायलेन्सर असलेलं .२२ चं, हाय स्टँडर्ड कंपनीचं पिस्तूल सापडलं. तेही लहान गोळीचंच.

रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला दिसला तर तो प्रसंग सोडून द्या. गोळ्यांचं चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू बाहेर येतोच. चाप ओढताना चक्र पुढे सरकून ती फट बुजवणारं रशियन नागां रिव्हॉल्व्हर हा प्रसिद्ध अपवाद.

याच पत्रात ‘सायलेन्सर सुटा विकत मिळतो का’ असंही विचारलं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं साधन हे अग्निशस्त्रातच मोडतं. ते विकायला काढणारा कुणी भेटला तर त्याच्याशी घासाघीस करू नका, पोलिसांना कळवा.

जेम्स बाँडचं वॉल्थर पीपीके हे खऱ्या हेरांचं पिस्तूल होतं का? (सातारा)

खरं पिस्तूल होतं आणि हेरांच्या कामाला साजेसंही होतं. जर्मन वॉल्थर कंपनीने ते १९३१ मध्ये साध्या वेशातल्या पोलिसांसाठी आणलं. कोटाखाली दिसू नये इतकं लहान, ७.६५ मि.मी.ची सात काडतुसं.

पण ते बाँडच्या हातात आलं ते एका वाचकाच्या पत्रामुळे. इयान फ्लेमिंगच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत बाँड .२५ चं बेरेटा वापरतो. ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉयड या बंदुकांच्या जाणकाराने १९५६ मध्ये फ्लेमिंगला कळवलं की हे पिस्तूल या माणसाच्या कामाचं नाही, फारच दुबळं आहे. त्याची पहिली शिफारस स्मिथ अँड वेसनच्या लहान रिव्हॉल्व्हरची होती आणि त्यासोबत बर्न्स-मार्टिन नावाच्या म्यानाची. फ्लेमिंगने पिस्तूल घेतलं पीपीके आणि म्यान ठेवलं बर्न्स-मार्टिन. ते म्यान रिव्हॉल्व्हरच्या चक्राला धरून ठेवण्यासाठी घडवलेलं, त्यात चपटं पिस्तूल नीट बसत नाही. बूथरॉयडचे आभार मात्र फ्लेमिंगने छान मानले. ‘डॉक्टर नो’ कादंबरीत बाँडला पिस्तूल बदलायला लावणाऱ्या शस्त्रतज्ज्ञाला त्याने मेजर बूथरॉयड हेच नाव दिलं.

त्या कादंबरीवरच्या १९६२ च्या चित्रपटात आणखी गंमत आहे. संवादात पीपीके, पण बाँड झालेल्या शॉन कॉनरीच्या हातात त्याचा थोरला भाऊ, वॉल्थर पीपी. त्याच चित्रपटात बाँड प्राध्यापक डेंटला सुनावतो की तुझं स्मिथ अँड वेसन आहे आणि तुझ्या सहा गोळ्या झाल्या. डेंटच्या हातात कोल्ट १९११ पद्धतीचं पिस्तूल आहे, ज्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीत, सात गोळ्या बसतात. संवाद रिव्हॉल्व्हरसाठी लिहिलेला, हातात दिलं पिस्तूल. कागदावर सल्ला घ्यायचा आणि सेटवर विचारायचं नाही, असं झालं की हे होतं.

गोळी लागली की माणूस मागे उडून काच फोडून बाहेर पडतो का?

नाही. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने बहात्तर किलोच्या माणसात रुतली, तर तिच्या धक्क्याने त्याला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटर. उडतो तो मागून दोरीने ओढलेला स्टंटमन.

हीरो मॅगझिन न बदलता किती वेळ गोळ्या झाडू शकतो? (नागपूर)

एमपी-५ ही सबमशीनगन मिनिटाला सुमारे ८०० गोळ्यांच्या गतीने चालते आणि तिच्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात. चाप दाबून धरला तर सव्वादोन सेकंदांत संपली. पुढच्या वेळी घड्याळ लावून बघा.

प्लास्टिकचं पिस्तूल विमानतळाच्या तपासणीत सापडत नाही, हे खरं का?

खोटं. ही अफवा ग्लॉक पिस्तुलाच्या नावावर चालते, एका अमेरिकी चित्रपटाने १९९० मध्ये तिला खतपाणी घातलं आणि ऑस्ट्रियाचं हे पिस्तूल जर्मनीचं व चिनीमातीचं करून टाकलं. ग्लॉकचा फक्त सांगाडा पॉलिमरचा असतो. नळी आणि स्लाईड पोलादाची, काडतुसं धातूची. यंत्रात स्वच्छ दिसतं.

आमच्या कॉलेजचा ग्रुप हेरकथेवर शॉर्ट फिल्म करतोय. भाड्याने सामान देणारा म्हणतो, ‘ब्लँक काडतुसं आहेत, त्यात गोळीच नसते, मग धोका कसला?’ वापरावीत का? (कोल्हापूर)

नाही. हे उत्तर मी लांबवणार आहे, कारण हा प्रश्न मला दर वर्षी येतो आणि दर वर्षी विचारणारी मुलं वीस-बावीस वर्षांची असतात.

ब्लँकमध्ये गोळी नसते, बाकी सगळं असतं. पितळी कवच, ठिणगी देणारी टोपी आणि दारू. पुढचं तोंड दुमडून किंवा कागदाच्या वा प्लास्टिकच्या गुट्ट्याने बंद केलेलं. बार उडाला की तो तप्त वायू, दारूचे अर्धवट जळालेले कण आणि तो गुट्टा नळीतून प्रचंड दाबाने बाहेर येतो. काही फुटांवरून डोळा जातो. अंगाला टेकवून उडाला तर माणूस जातो.

जॉन-एरिक हेक्सम हा २६ वर्षांचा अमेरिकी अभिनेता. १९८४ मध्ये तो ‘कव्हर अप’ या मालिकेत गुप्तहेराचंच काम करत होता. १२ ऑक्टोबरला चित्रीकरण रेंगाळलं तेव्हा त्याने ब्लँक भरलेलं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर थट्टेत कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हतीच. पण त्या दाबाने कवटीचा तुकडा मोडून मेंदूत घुसला. सहा दिवसांनी डॉक्टरांनी त्याला मेंदूमृत घोषित केलं.

अभिनेता ब्रँडन ली सेटवरच्या गोळीने गेला, ते प्रकरण याहून समजून घेण्यासारखं आहे. ३१ मार्च १९९३, नॉर्थ कॅरोलिनातलं विल्मिंग्टन. तिथे ‘द क्रो’ चित्रपटातल्या एका जवळच्या दृश्यासाठी खरी दिसणारी नकली काडतुसं हवी होती. खऱ्या काडतुसातली दारू काढून गोळी परत बसवली, पण टोपी तशीच राहिली. कधीतरी चाप ओढला गेला, नुसत्या टोपीच्या जोराने गोळी सुटून नळीतच अडकली आणि कुणी नळी तपासली नाही. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं गेलं. ब्लँकच्या दारूने ती अडकलेली गोळी बाहेर ढकलली आणि ती लीला लागली. नकली काडतूस आणि ब्लँक, दोन ‘निरुपद्रवी’ वस्तू एकापाठोपाठ एक आल्या आणि खरा बार तयार झाला.

२१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ चित्रपटाच्या सेटवर छायाचित्रकार हलीना हचिन्स गेली. तिथे तर सेटवर असायलाच नको असलेलं खरं काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये होतं. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या बाईला २०२४ मध्ये दोषी ठरवून दीड वर्षाची शिक्षा झाली.

हॉलिवूडमध्ये पैसा आहे, युनियन आहे, फक्त शस्त्रं सांभाळायला नेमलेला माणूस आहे. तिथे हे घडलं. तुमच्याकडे एक भाड्याची पिशवी आहे आणि ‘काही होत नाही’ म्हणणारा दुकानदार. त्याला धंदा करायचा आहे. त्याला एवढंच विचारा की या पिस्तुलाची नळी शेवटची कुणी आणि कधी तपासली, आणि उत्तर लिहून द्याल का. तो लिहून देणार नाही.

मुलांनो, लाकडाचं किंवा रबराचं पिस्तूल घ्या. नळीची ज्वाळा आणि आवाज संकलनात टाका, तुमच्या लॅपटॉपवर ते होतं. तेही पिस्तूल थेट समोरच्यावर रोखू नका. किंचित बाजूला रोखलं तरी कॅमेऱ्याच्या कोनातून ते रोखल्यासारखंच दिसतं. रस्त्यावर चित्रीकरण असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, कारण बघणाऱ्याला तुमची कथा माहीत नसते. आणि ब्लँक काडतुसाला कायदा लागूच होत नाही असं कुणी सांगितलं तर तोंडी विश्वास ठेवू नका, परवाना शाखेत जाऊन विचारा. प्राध्यापकांनाही हे उत्तर वाचायला द्या.

चित्रपटात बंद गाडीत गोळीबार होतो आणि पुढच्याच क्षणी दोघं कुजबुजतात. लग्नाच्या वरातीत माझ्या कानाजवळ बार उडवला, तीन आठवडे झाले, कानात शिट्टी वाजतेय. आपोआप जाईल ना?

तीन आठवडे! आज कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, हे उत्तर पुढे वाचू नका. तिथे श्रवणचाचणी करून घ्या.

इतरांसाठी सांगतो. १४० डेसिबलच्या वरचा एक बारसुद्धा कानाच्या आतल्या नाजूक पेशी कायमच्या मारू शकतो, आणि पिस्तूल त्याच्या बरंच वर आहे. बंद गाडीत गोळीबार झाला तर आतल्यांना कुजबुज काय, ओरडणंही नीट ऐकू येणार नाही. अशा इजेत उपचारांचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांत सगळ्यांत जास्त असते. कानात तेल घालून वाट बघण्यात तेच दिवस जातात. आणि वरातीतला तो बार गुन्हा आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेपर्वाईने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंटरनेटवर ‘हेराचं पिस्तूल, परवाना लागत नाही’ अशी छर्ऱ्याची पिस्तुलं दिसतात, अगदी खऱ्यासारखी. मुलाला वाढदिवसाला द्यावं का? (ठाणे)

खेळणं म्हणून देऊ नका. ती जाहिरात दिसण्यावर विकते आणि नेमकं तेच तिचं संकट आहे. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटाच्या प्रसिद्धीसाठी छायाचित्रं काढताना पीपीके आणायचं राहिलं. छायाचित्रकार डेव्हिड हर्नकडे वॉल्थरचंच एलपी-५३ हे छर्ऱ्याचं पिस्तूल होतं, ते कॉनरीच्या हातात दिलं. जगभर लोकांनी ते बाँडचं खरं पिस्तूल मानलं, आणि २०१० मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ते २,७७,२५० पौंडांना गेलं. शांतपणे पोस्टर बघणारे फसतात, तर रात्री गस्तीवरचा हवालदार तुमच्या मुलाच्या हातातली वस्तू कशी ओळखणार?

शिवाय साडेचार मि.मी.चा छर्रा डोळा फोडतो. ‘परवाना लागत नाही’ ही सूट ठरावीक क्षमतेच्या आतल्या हवाई बंदुकांनाच आहे आणि ती क्षमता विक्रेता खरी सांगेलच असं नाही. मुलाला नेमबाजीची आवड असेल तर जिल्ह्यातल्या रायफल क्लबात न्या आणि प्रशिक्षकाशी बोला.

आजोबा मार्चमध्ये वारले. कपाटात त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर आणि काही काडतुसं आहेत. वर्षश्राद्ध झाल्यावर बघू असं घरात ठरलंय. चालेल ना? (सांगली)

चालणार नाही. परवाना आजोबांच्या नावावर होता, तुमच्या नाही. जवळ ठेवणं बेकायदा झालेलं शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं, असं शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं. जमा केलं म्हणजे गमावलं असं नाही, वारस म्हणून पुढे रीतसर अर्ज करता येतो. शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर तिथे, नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयात.

रिव्हॉल्व्हर स्वतः उघडू नका, भरलेलं आहे का ते बघायलाही नाही. चित्रपटात मनगटाच्या एका झटक्याने चक्र उघडतात आणि मिटतात, तसं तर अजिबात नको. कपाटाला कुलूप लावा, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे ठेवा, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. उद्या सकाळी आधी ठाण्यात फोन करा, आजोबांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा, आणि शस्त्र कसं आणायचं की त्यांचा माणूस येईल, हे त्यांनाच विचारा. जमा केल्याची पावती घ्यायला विसरू नका.

गाडीच्या पेट्रोलच्या टाकीला गोळी लागली की स्फोट होतो का?

साध्या गोळीने होत नाही. टाकीला भोक पडतं आणि पेट्रोल गळतं. शिसं आणि तांब्याची गोळी पत्र्यावर ठिणग्याही उडवत नाही. पडद्यावरच्या ठिणग्या बहुधा झिर्कोनियम असलेल्या खास छर्ऱ्यांच्या असतात. पण तुमच्या गाडीतून पेट्रोल गळत असेल, कारण काहीही असो, तर इंजिन सुरू करू नका, सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.