एनपीटीईएलच्या (आयआयटी-आयआयएससीच्या ऑनलाइन कोर्सांच्या) चर्चामंचावर पहिल्यांदा लिहिताना

अगं, नुसतं "सर, तिसरा प्रश्न समजला नाही" असं लिहून मोकळी होऊ नकोस. कितवा आठवडा, कोणतं व्याख्यान, व्हिडिओत साधारण कुठे अडलं, तू स्वतः कुठवर सोडवलंस, हे सगळं सांग. एकेका कोर्सला हजारो जण असतात आणि उत्तरं देणारे टीए, म्हणजे सरांचे सहाय्यक, मोजकेच. विषयाच्या ओळीत 'अर्जंट' नको. 'आठवडा ४ : बायनरी सर्च कुठे थांबवायचा?' असं लिहिलंस की ज्याला येतं तो आपसूक उघडून बघतो. त्याआधी जुने प्रश्न चाळ. तुझी शंका बहुतेक वेळा कुणीतरी आधीच विचारलेली असते.

असाइनमेंटची मुदत संपेपर्यंत उत्तर किंवा अख्खा कोड टाकायचा नाही, हे मात्र अगदी कटाक्षाने पाळ. मदत करायचीच तर संकल्पना समजाव, वेगळं उदाहरण दे. अंतिम गुणांत असाइनमेंटचा वाटा २५ टक्के, म्हणून लोक आडून आडून विचारतात. "पर्याय ब च ना?" हेही उत्तर फोडणंच झालं. मुदतीनंतर खुशाल वाद घाल. उत्तरसूचीत चूक वाटली तर गणित मांडून दाखव, टोमणे मारून नाही.

भाषा साधी इंग्रजी ठेव, कारण तमिळ, बंगाली, सगळेच वाचतात. व्याकरणाला घाबरू नकोस. शंका सुटली की कशी सुटली ते दोन ओळींत लिही. नुसत्या 'थँक्यू सर'चा पुढच्याला काय उपयोग? आणि स्वतःचा फोन नंबर तिथे टाकू नकोस. "व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करूया" म्हणणारे भेटतीलच, पण त्यातल्या बऱ्याच ग्रुपांत फक्त उत्तरं फिरतात.