मुलगा दुसरीत आहे. शाळेची सहल कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाणार आहे. पाठवावं का? तिथे खरंच काही शिकायला मिळतं का? प्राणी तर तो मोबाइलवरही बघतो, मग उन्हात पायपीट कशाला? आणि कोंडलेले प्राणी बघून त्याला वाईट वाटलं तर?

जरूर पाठवा. मी पुण्यात प्राथमिक शाळेत शिकवते, मुलांना घेऊन कात्रजला बऱ्याचदा गेले आहे. प्राणी तर तो मोबाइलवरही बघतो, मग उन्हात पायपीट कशाला, असं तुम्ही विचारलंय. तिथे शिकण्यासारखं भरपूर आहे, पण सगळं एका दिवसात उरकायचा हट्ट धरला तर काहीच पदरात पडत नाही. जागा जवळपास 130 एकर आहे. 'चला, चला' करत फिरवलेली मुलं घरी येऊन फक्त वाघ आणि डबा एवढंच सांगतात.

म्हणून आम्ही मोजक्या ठिकाणी रेंगाळतो, आणि सगळ्यात जास्त हरणांपाशी. तिथे चितळ, सांबर आणि काळवीट तिन्ही बघायला मिळतात. मुलांना सांगायचं, बाकी सगळं राहू दे, फक्त शिंगं बघा. चितळाच्या आणि सांबराच्या नराच्या शिंगांना फाटे असतात, ती दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. उगवत असताना त्यांच्यावर बारीक लव असलेली कातडी असते, नशीब असेल तर तीही बघायला मिळते. काळविटाची शिंगं पिळदार, फाटे नाहीत आणि जन्मभर तीच. एवढा एक फरक डोळ्यांत बसला की पुढच्या प्रत्येक कुंपणाशी मुलं आपणहून विचारतात, "बाई, ह्याची पण गळणार का?" हा प्रश्न मोबाइलवर सुचत नाही, कारण तिथे चित्र दोन सेकंदांत पुढे सरकतं.

दुसरं ठिकाण सर्पोद्यान. महाराष्ट्रातल्या पालकांनी ते तर चुकवूच नये असं मला मनापासून वाटतं. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे या चार विषारी सापांची नावं मुलांना पाठ असतात, पण घोणस आणि अजगर यांत मोठी माणसंही फसतात. घोणशीच्या अंगावर कडा असलेले लांबट गोल ठिपके तीन ओळींत, साखळीसारखे असतात, तर अजगराच्या अंगावरचे डाग मोठे आणि वेडेवाकडे असतात. काचेपलीकडे साप निवांत पडलेला असतो तेव्हा हे शांतपणे बघता येतं. दुसरीतल्या मुलाने साप ओळखून हात लावावा असा याचा अर्थ मुळीच नाही. कुठलाही साप दिसला की लांब व्हायचं आणि मोठ्यांना हाक मारायची, हेही तिथेच उभं राहून सांगायचं.

कोंडलेले प्राणी बघून त्याला वाईट वाटेल, ही तुमची दुसरी काळजी. वाटू द्या. त्याने विचारलं तर खरं सांगा की जंगलात त्यांना याहून कितीतरी मोठी जागा लागते. तिथे जखमी आणि अनाथ प्राण्यांसाठीही सोय आहे, हेही सांगा. वाघ झोपलेला असला की मुलं हमखास ओरडून त्याला उठवायला बघतात. नुसतं 'ओरडू नका' म्हणून काही होत नाही. वाघ दिवसाचा बराच वेळ झोपतो, ही त्याची रीतच आहे, असं सांगितलं की ती गप्प होतात. प्राण्यांना चिडवणं, खायला घालणं, इतकंच काय गोंगाट करून त्रास देणंही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मना आहे. हे आदल्या रात्री घरीच सांगून ठेवा.

टोपी आणि पाण्याची बाटली द्या. बूट रोजचेच घालू द्या, नव्या बुटांनी फोड येतात आणि मग मूल प्राणी बघतच नाही. किती मुलांमागे एक शिक्षक असणार आहे, हे मात्र शाळेला आधी विचारून घ्या.