'द विंड्स ऑफ विंटर'साठी कोल्हापुरातल्या दुकानात आत्ताच आगाऊ पैसे भरू का?

नका भरू, प्रकाशकानं तारीखच जाहीर केलेली नाही, त्यामुळे पावतीवर 'पुस्तक आल्यावर' एवढंच लिहून मिळेल. हा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या, 'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्ही मालिका ज्यावरून आली त्या कादंबरीमालिकेचा सहावा भाग. चौथा भाग २००५ मध्ये आला, पाचवा जुलै २०११ मध्ये, आणि आपण सगळे तिथंच अडकलोय. सहावा भाग लिहून द्यायची मुदत हुकल्याचं मार्टिन यांनी जानेवारी २०१६ मध्ये स्वतःच कळवलं होतं. २०२३ मध्ये सुमारे १,१०० पानं झाल्याचं सांगितलं, म्हणजे पुस्तक येणारच नाही असं मी म्हणणार नाही. तारीख पक्की झाली की मात्र खुशाल भरा, आपल्या गावातली पुस्तकांची दुकानं टिकली पाहिजेत. तोवर मार्टिन यांच्याच, त्याच जगात घडणाऱ्या, डंक आणि एग या जोडीच्या तीन कथा वाचा. मला त्या मूळ मालिकेइतक्याच जवळच्या वाटतात.