डिझायनर लोक जुन्या घड्याळाचं नवं रूप काढतात म्हणजे नुसता रंगच बदलतात का?

नाही हो, निदान चांगले डिझायनर तरी नाही. ऑडेमार पिगे या स्विस घड्याळ कंपनीचं रॉयल ओक बघा, 1972 मध्ये जेराल्ड जेंटाने काढलेलं, 39 मिमी, स्टीलचं, काचेभोवती अष्टकोनी कडं आणि त्यात आठ स्क्रू. त्या स्क्रूंच्या खाचा सगळ्या एका ओळीत दिसतात ना, कारण स्क्रूचं षटकोनी डोकं त्याच आकाराच्या खड्ड्यात घट्ट बसतं आणि आवळायचं काम मागून होतं, मला हे फार आवडतं!

1976 मध्ये जॅकलिन दिमिए यांनी ते 29 मिमीचं केलं, बायकांसाठी, पण ठसका तोच ठेवला. मग 1993 मध्ये इमॅन्युएल ग्वे या तरुणाने त्याचंच रॉयल ओक ऑफशोर आणलं, थेट 42 मिमी, जाडजूड, कड्याखालचं रबर मुद्दाम बाहेर दिसणारं, त्याला लोक बीस्ट, म्हणजे श्वापद, म्हणायला लागले.

पण माझं मत विचाराल तर सगळ्यात सुंदर काम कॅरोलिना बुच्चीचं, 2016 चं रॉयल ओक फ्रॉस्टेड गोल्ड. ही फ्लॉरेन्सच्या सोनारकामातली बाई, तिने आकाराला हातच लावला नाही, फक्त सोन्यावर हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने बारीक बारीक टोचे मारले, त्यामुळे घड्याळ जरा हललं तरी दव पडल्यासारखं चमकतं. रंग तोच, आकार तोच, तरी घड्याळ नवं वाटतं.