वाचकांचे प्रश्न : कोची पाहावी बोटीने, बसने आणि थोडी पायी

दिवाळीनंतरच्या प्रवासाबद्दल कोल्हापूर परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळी एकाच शहराविषयी, केरळमधील कोचीविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून सोबत माझ्या सासूबाई असतील. त्यांचे गुडघे दुखतात. तीन दिवस कोचीत राहून, दिवसभराची गाडी न ठरवता, सार्वजनिक बस आणि बोटीने शहर पाहणे जमेल का? सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : जमेल, आणि माझ्या मते कोची तशीच पाहावी. हे शहर एका सलग जमिनीवर वसलेले नाही. पूर्वेला एर्नाकुलमची मुख्य भूमी, पश्चिमेला फोर्ट कोची आणि मट्टांचेरी, उत्तरेला वैपिन, मध्ये विलिंग्डन, वल्लारपाडम, बोल्गाट्टी अशी बेटे, आणि या सगळ्यांच्या मधून खाडीचे पाणी, अशी त्याची रचना आहे. भाड्याच्या गाडीतून फिरणारा प्रवासी पुलांवरच्या वाहतुकीत अडकतो आणि त्याला शहराची पाठ तेवढी दिसते. तोंड पाण्याकडे आहे.

याचे कारण इतिहासात आहे. प्राचीन काळी या किनाऱ्यावरचे मोठे बंदर कोची नव्हते, तर उत्तरेकडचे मुझिरिस होते. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने ते बंदर निकामी झाले आणि कोचीजवळ समुद्राचे तोंड रुंद झाले, असे परंपरेने मानले जाते. महापूर काय उलथापालथ करतो, हे पंचगंगेकाठच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढे मिरीच्या व्यापारासाठी आलेले पोर्तुगीज येथे स्थिरावले, १६६३ मध्ये डचांनी त्यांना घालवले आणि १७९५ मध्ये इंग्रज आले. या तिघांच्याही खुणा खाडीच्या पश्चिम काठावर दोन-तीन किलोमीटरांच्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे एकदा बोटीने पलीकडे उतरले की फार धावपळ करावी लागत नाही.

आपल्या सासूबाईंसाठी वॉटर मेट्रो सर्वांत सोयीची. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या या सेवेच्या वातानुकूलित, बॅटरीवर चालणाऱ्या बोटी कोचीच्याच जहाजबांधणी कारखान्यात तयार झाल्या असून एका बोटीत शंभर प्रवासी जाऊ शकतात. त्यांचा धक्का पाण्यावर तरंगता असतो आणि भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो, म्हणून बोटीची कड आणि धक्का एकाच पातळीत राहतात. नृसिंहवाडीला घाट उतरून होडीत पाय टाकताना म्हाताऱ्या माणसांची जी तारांबळ होते, ती येथे होत नाही. एर्नाकुलममधील हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोचीकडे जाणारी फेरी एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाली. सुमारे वीस मिनिटांच्या या प्रवासाचे भाडे सुरुवातीला ४० रुपये ठरले होते.

बोटीत शक्य तर उजव्या बाजूला बसावे. आधी बोल्गाट्टी बेट लागते. तेथील राजवाडा डचांनी १७४४ मध्ये बांधला असून आता तेथे हॉटेल आहे. त्यापुढे वल्लारपाडमच्या कंटेनर बंदराच्या उंच क्रेन दिसतात. डाव्या बाजूचे विलिंग्डन बेट मात्र बरेचसे माणसाने घडवलेले आहे. १९२० मध्ये येथे आलेले इंग्रज अभियंते रॉबर्ट ब्रिस्टो यांनी बंदराच्या तोंडाशी आडवा पडलेला वाळूचा बांध कापून मोठ्या जहाजांना वाट करून दिली, १९२८ मध्ये पहिले मोठे जहाज आत आले आणि खाडीच्या तळातून उपसलेल्या गाळाची भर टाकून हे बेट आकाराला आले. हे ठाऊक असले की तीच वीस मिनिटे वेगळी वाटतात.

फोर्ट कोचीला उतरल्यावर काठानेच चालत गेल्यास चिनी मासेमारी जाळी दिसतात. लाकडी मचाणावर उभारलेले हे भलेमोठे जाळे दुसऱ्या टोकाला दोरांनी टांगलेल्या दगडांच्या वजनावर तोलून धरलेले असते, आणि ते वर-खाली करण्यास तरीही चार-पाच माणसे लागतात. मच्छीमार पर्यटकांना दोर ओढायला बोलावतात व नंतर पैशांची अपेक्षा करतात. त्यात गैर काही नाही, फक्त रक्कम आधी ठरवावी. तेथून जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामाचा मृत्यू डिसेंबर १५२४ मध्ये कोचीतच झाला आणि त्याला या चर्चमध्ये पुरले होते. काही वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले, मात्र थडग्याची शिळा आजही जागेवर दाखवली जाते. बाहेर बसून दोर ओढायचे आणि आत प्रार्थना करणाऱ्यांना वारा घालायचा, असे जुने झुलते कापडी पंखेही तेथे आहेत. लहान मुलांना थडग्यापेक्षा त्यांचेच अप्रूप अधिक वाटते, असा अनुभव आहे.

परत येताना बोटच धरण्याऐवजी एकदा पुढील वाट घेऊन पाहावी. फोर्ट कोचीहून वैपिनला वाहनांसह माणसे नेणारी रो-रो बोट काही मिनिटांत पलीकडे पोहोचवते, आणि तेथून एर्नाकुलमला येणारी बस २००४ पासून वापरात असलेल्या गोश्री पुलांवरून एकेक बेट ओलांडत हायकोर्टापाशी येते. जाताना पाण्यावरून पाहिलेली बेटे येताना पुलांवरून दिसतात. मात्र ही बस संध्याकाळी कार्यालये सुटण्याच्या वेळी घेऊ नये. सासूबाईंना उभे राहून यावे लागेल.

प्रश्न : गेल्या वर्षी एका सहल कंपनीबरोबर कोचीला गेलो. शनिवारी मट्टांचेरीला नेले आणि तेथील प्रसिद्ध सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनागृह) बंद निघाले. मार्गदर्शकाने दरवाजासमोर उभे करून माहिती सांगितली. पुन्हा जाण्याचा विचार आहे. दिवस कसे ठरवावेत? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : आपला राग रास्त आहे, कारण ही गोष्ट आधी ठाऊक असण्यासारखी होती. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत विश्रांतीचा दिवस पाळतात. त्यामुळे मट्टांचेरीचे ‘परदेशी’ नावाचे हे सिनेगॉग शुक्रवारी व शनिवारी, तसेच ज्यू सणांच्या दिवशी पर्यटकांसाठी बंद असते. इतर दिवशीही दुपारी काही वेळ ते बंद ठेवतात. त्याच्या शेजारचा मट्टांचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो. कोचीजवळच्या तृप्पूणित्तुराचा हिल पॅलेस हा राजवाडा सोमवारी बंद. म्हणजे मट्टांचेरीसाठी रविवार ते गुरुवार यांपैकी एक सकाळ राखून ठेवायची आणि बाकीचा कार्यक्रम तिच्याभोवती बसवायचा. बहुतेक लोक नेमके उलटे करतात.

आपले जे पाहायचे राहिले, ते थोडक्यात सांगतो. १५६८ मध्ये कोचीच्या राजाने दिलेल्या, राजवाड्याला लागून असलेल्या जागेवर हे सिनेगॉग बांधले गेले. घड्याळाचा मनोरा नंतरचा, अठराव्या शतकातला. आतल्या जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने निळी चित्रे काढलेल्या फरशा आहेत आणि वर काचेची झुंबरे आहेत. पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि खांदे-गुडघे झाकणारे कपडे लागतात. बहुसंख्य कोची ज्यू इस्राएलला गेल्यामुळे वस्ती आता जवळजवळ उरलेली नाही. महाराष्ट्राच्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : कोकणातील मराठीभाषक ज्यूंच्या बेने इस्राएल समाजाला धर्मशिक्षण देण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीहून शिक्षक आले होते.

राजवाड्याला लोक डच पॅलेस म्हणत असले तरी तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला भेट दिला होता. डचांनी नंतर दुरुस्ती केली आणि नाव त्यांच्या पदरात पडले. बाहेरून इमारत साधी आहे, आणि त्यामुळेच पुष्कळ सहली तिला पंधरा मिनिटांत उरकतात. खरे वैभव राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर आहे. तेथे रामायणातील प्रसंग गेरू, हिरवा, पिवळा अशा मोजक्या रंगांत इतके दाटीवाटीने रंगवले आहेत की भिंतीचा हातभर भाग वाचायलाही वेळ लागतो. मला विचाराल तर सिनेगॉगपेक्षा या भिंतींना अधिक वेळ द्यावा.

मट्टांचेरीला जाण्यासाठी एर्नाकुलमच्या मुख्य जेटीवरून राज्य जलवाहतूक खात्याची साधी, स्वस्त बोट आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून वॉटर मेट्रोचा धक्काही तेथे सुरू झाला आहे. दोन्ही राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. रिक्षाने गेल्यास चालक मसाल्याच्या किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानांत थांबण्याचा आग्रह करतो, कारण त्याला तेथून दलाली मिळते. बोटीने जाणाऱ्याला हा त्रास नाही.

प्रश्न : मुंबईतील बोटीच्या अपघातापासून घरची मंडळी बोटीचे नाव काढू देत नाहीत. कोचीत बोटीने फिरणे सुरक्षित आहे का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून झालेली दुर्घटना कोणी विसरलेले नाही. केरळमध्येही ७ मे २०२३ रोजी तानूर येथे खासगी सहलबोट उलटून २२ जण दगावले. तानूरच्या बाबतीत कारणे स्पष्ट होती : बोट प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेली नव्हती, क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढवली होती आणि अंधार पडू लागल्यावरही फेरी काढली होती. यातून शिकण्यासारखे आहे ते असे की धोका बोट या साधनात असतो त्यापेक्षा ती कोण आणि कशी चालवतो यात अधिक असतो.

कोचीतील वॉटर मेट्रो व जलवाहतूक खात्याच्या फेऱ्या खाडीच्या आतल्या पाण्यात चालतात, उघड्या समुद्रात नव्हे, आणि वॉटर मेट्रोत प्रवासी मोजूनच आत सोडले जातात. एर्नाकुलमच्या मरीन ड्राइव्हवर मात्र खासगी बोटींचे दलाल ‘सूर्यास्त दाखवतो’ म्हणून मागे लागतात. अशा बोटीत जायचेच असेल, तर सर्वांना पुरतील इतकी जीवरक्षक जाकिटे हाताशी आहेत ना हे आधी पाहावे, ती अंगावर घालावीत, आणि वरच्या मजल्यावर एकाच बाजूला गर्दी झाली असेल तर चढू नये. घरच्यांना पहिल्या दिवशी दिवसाउजेडी वॉटर मेट्रोने न्यावे. भीती बहुधा तेथेच कमी होईल.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात इतिहास शिकतो. कोचीत कोकणी बोलणारी जुनी वस्ती आहे असे वाचले. तिचे काही पाहता येते का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : येते, आणि हा भाग सहलींच्या यादीत नसतो याचे आश्चर्य वाटते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून बाहेर पडलेली अनेक गौड सारस्वत कुटुंबे दक्षिणेकडे सरकत कोचीपर्यंत आली आणि व्यापारात स्थिरावली. मट्टांचेरीतील चेरळाई भागात त्यांचे तिरुमल देवस्वम हे वेंकटेशाचे मोठे मंदिर आहे. त्या गल्ल्यांत आजही कोकणी कानांवर पडते. मराठी माणसाला अर्धे-अधिक कळते. मंदिरात पुरुषांना सदरा उतरवून जावे लागते, हे लक्षात ठेवावे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी एक धागा सांगतो. डचांचा मलबारमधील अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने येथील वनस्पतींवर जो लॅटिन ग्रंथ सिद्ध केला, तो ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅममध्ये १२ खंडांत छापला गेला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आहेत. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे, आणि चित्रांवरही वनस्पतींची नावे इतर लिप्यांबरोबर नागरीत आहेत. शिवराज्याभिषेकानंतर अवघ्या चार वर्षांनी युरोपात छापलेल्या ग्रंथात ही अक्षरे यावीत, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. चेरळाईला जाण्यापूर्वी ग्रंथाची संगणकीय प्रत पाहून जावे.

प्रश्न : कोल्हापूरहून कोचीला कसे जावे, आणि शाकाहारी जेवणाची अडचण येते का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : मिरजेवरून जाणारी पुणे–एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस सोयीची असली तरी ती आठवड्यातून एकदाच धावते. तो दिवस साधला नाही तर आंबा घाटाने रत्नागिरी गाठून तेथून कोकण रेल्वेवरील नेत्रावती किंवा मंगला एक्सप्रेस घ्यावी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, म्हणून वेळ तपासून घ्यावी. एर्नाकुलमला दोन मोठी स्थानके आहेत, जंक्शन म्हणजे दक्षिण आणि टाउन म्हणजे उत्तर. तिकिटावर कोणते आहे ते पाहूनच राहण्याची जागा ठरवावी. बोटीने फिरायचे असल्यास हायकोर्ट किंवा मुख्य जेटीच्या जवळपास मुक्काम करणे उत्तम.

शाकाहाराची अडचण नाही. एर्नाकुलममध्ये इडली-डोसा आणि केळीच्या पानावरचे जेवण देणारी शाकाहारी हॉटेले सहज सापडतात. फोर्ट कोचीत ती कमी आहेत, परंतु मट्टांचेरीच्या गुजराती रस्त्यावर जैन मंदिराच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गुजराती व्यापाऱ्यांमुळे शुद्ध शाकाहारी खाणे मिळते. प्रवास डिसेंबरअखेरीस करणार असाल, तर ३१ डिसेंबरला फोर्ट कोचीतील कार्निव्हलमुळे बोटींना आणि रो-रोला प्रचंड गर्दी होते. त्या दिवशी दुपारनंतर खाडी ओलांडण्याचा बेत ठेवू नये.