आधी सांग, झोप किती झाली?

मित्रा,

तुझा मेसेज सकाळी वाचला. पहाटे ३.२० ला पाठवलायस. "काका, आता बास झालं लपवणं, बायपोलर आहे हे सगळ्यांना सांगून टाकणार, ऑफिसात, नातेवाइकांत, सगळीकडे." वाचून आधी बरं वाटलं आणि मग लक्ष गेलं त्या ३.२० कडे. तर पहिला प्रश्न, काल झोप किती झाली? परवा? तीन-चार तास झोपून एकदम फ्रेश वाटत असेल, डोक्यात एकावर एक आयडिया येत असतील, तर हा निर्णय तुझा की आजाराचा हे आत्ता तुलाही कळणार नाही आणि मलाही नाही. बायपोलर म्हणजे मन कधी खूप वर, कधी खूप खाली, आणि मागच्या वेळी तुझी चढती अशीच सुरू झाली होती ना?

सांगू नको असं मी म्हणत नाहीये. मी काय करून बसलो ते ऐक फक्त.

१९९६ ला मला याच आजारासाठी लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी बँकेत कॅश काउंटरला होतो. लिथियमने काहींचा हात बारीक थरथरतो, माझा थरथरायचा. आता कॅशियरचा हात थरथरतोय म्हटल्यावर लोक काय समजणार, सकाळीच टाकून येतो. सगळ्या ब्रँचमध्ये झालं, हा पितो. आणि खरं सांगतो, मी ते चालू दिलं. तीनेक वर्षं. कारण पिणारा म्हणजे काय, आपल्यातलाच एक, सुधारेल कधीतरी, पण वेड्याच्या हातात कॅश कोण देणार? चहाच्या थेंबालाही न शिवलेला माणूस मी (चहाने झोप जाते म्हणून), दारुड्या म्हणवून घेत होतो. तुझ्या पोटात जे खदखदतंय ते मला चांगलं माहितीये.

मग २००३ ला एका सहकाऱ्याचा सेंड-ऑफ होता. मी तेव्हा चढतीला होतो, गोळ्या आपल्याच मनाने कमी केलेल्या, माईक हातात आला आणि पाऊण तास सोडला नाही. माझा आजार सांगितला, ठीक आहे, तो माझा होता. पण भरात आईचंही सांगून मोकळा झालो, की तीही तरुणपणी दोन महिने मनोरुग्णालयात होती आणि आमच्या घरात हे आहेच. एका क्लार्कची बायको आईच्या माहेरगावची निघाली. आठ दिवसांत बातमी मामाच्या ओट्यावर. आई मला एका शब्दाने बोलली नाही, पण त्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न होतं तिथे ती गेली नाही, पुढे माहेरी जाणंच बंद झालं तिचं. झाकली मूठ सव्वा लाखाची असं म्हणत तिने ती मूठ चोवीस-पंचवीस वर्षं आवळून धरलेली, आणि उघडली मी.

म्हणून म्हणतो, तुझ्या गोष्टीत दुसऱ्यांच्या किती गोष्टी आहेत ते आधी बघ. तुझे बाबा त्या रात्री तुला शोधत स्टेशनवर फिरले, ते तू सांगायचं की त्यांनी, हे त्यांना विचार. बहिणीचं स्थळ बघतायत, तिला विचार. ती नको म्हणाली तर रागावू नकोस, आपल्याकडे "ठाण्याला पाठवा याला", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हा अजून जोक आहे. आम्ही तर राहायलाच ठाण्यात, त्यामुळे आम्हाला तो दुप्पट लागतो.

दीपिका पदुकोण २०१५ ला डिप्रेशनबद्दल बोलली त्याचं उदाहरण दिलंयस. चांगलंच केलं तिने, पण तेव्हा ती टॉपला होती आणि तुझं प्रोबेशन अजून संपायचंय. कायदा आहे हे खरं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात डॉक्टरांना तुझी माहिती गुप्त ठेवावी लागते, मीडियाला तुझ्या संमतीशिवाय ती देता येत नाही, विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं हेही त्यात आहे. पण तू स्वतःच सांगून बसलास आणि तुझ्या मावशीने ते सोसायटीभर केलं, तर तिला कुठलं कलम लावणार?

दोन ठिकाणी मात्र लपवायचं नाही. एक, विम्याचा फॉर्म, तिथे आधीचा आजार लपवलास तर नेमका क्लेमच्या वेळी तेच पुढे करतात. आणि दुसरं लग्न. कांदेपोह्यांच्या पहिल्या बैठकीतच सांग असं नाही, पण होकार-नकाराच्या आधी, मुलीला, स्वतः, आईवडिलांमार्फत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये महत्त्वाची गोष्ट लपवून केलेलं लग्न रद्द होऊ शकतं, पण ते सोड. रात्री नऊला गोळी घेताना बाथरूमचं दार लावून घ्यायचं, असा संसार कसा करणार रे? मी सांगितलं होतं. दोघींनी नकार दिला, तिसरीने विचारलं, गोळ्यांचा खर्च किती येतो? तीच तुझी काकू.

बाकीच्यांना हळूहळू. आधी एकच माणूस निवड, ऑफिसातला, ज्याने कधी दुसऱ्याचं तुझ्याकडे बोललेलं नाही. आणि तब्येत महिनाभर तरी सपाट असताना, वर नाही, खाली नाही. जे सांगायचंय ते कागदावर लिही, पंधरा दिवस ठेव, मग परत वाच. माझे असे कितीतरी कागद मीच फाडलेत. गोळ्यांची नावं, डोस सांगत बसू नको, लोक केमिस्टकडे जाऊन तेच मागतात. त्या रात्री काय करायला गेला होतास ते सांगावंसं वाटलं तर करायला गेलो होतो एवढंच सांग, कसं ते नको, ऐकणाऱ्यांत कोण कुठल्या काठावर उभा असेल माहीत नसतं.

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. तू बोललास की लोक तुझ्याकडे यायला लागतील. हसणारे कमी, हे जास्त. आमच्या ब्रँचचा शिपाई, ज्याने माझ्या दारूवर सगळ्यात जास्त जोक केले असतील, तो एका संध्याकाळी शटर ओढता ओढता थांबला आणि भावाचं सांगायला लागला, की त्याला घरात बांधून ठेवतात. मी रात्री अकरापर्यंत ऐकत बसलो, मग पुढचे दोन महिने त्याचे फोन, भावाचे फोन, वहिनीचे फोन, शेवटी माझीच झोप गेली आणि डॉक्टरांनी मलाच झापलं. तू डॉक्टर नाहीस. ऐक, चहा पाज, जवळच्या सरकारी हॉस्पिटलात सोबत जा, आणि १४४१६ हा नंबर दे, टेलिमानस म्हणतात, सरकारचा आहे, फुकट, कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. तू स्वतःही सेव्ह करून ठेव. नऊनंतर फोन बंद, कोणी कितीही रडो. हे कठोर वाटेल तुला, मलाही वाटायचं.

आज ऑफिसात काही बोलू नकोस. आधी डॉक्टरांना फोन करून झोपेचं सांग, खरे आकडे सांग. बुधवारी मी रक्तातल्या लिथियमची लेव्हल तपासायला नौपाड्यात जातोय, सकाळी नऊला, तुझीही राहिलीये ना? मग ये. रात्रीची गोळी नऊलाच घे म्हणजे रक्त देईपर्यंत बरोबर बारा तास होतील, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. उन्हात पाणी पीत राहा. नंतर मिसळ खाऊ आणि तू लिहिलेला कागद असेल तर घेऊन ये.

काका